डावीकडच्या तीन फळ्या

पैज लेलंडनेच लावली, आणि तीही अर्ध्या ताटावरून. ताटाच्या उजव्या अर्ध्यातलं मांस आणि मका त्याने चाटूनपुसून खाल्ला होता. डाव्या अर्ध्यातले बटाटे जिथल्या तिथे होते. त्याची बायको मार्लिस उठली, तिने ताट गोल फिरवलं आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

"अजून होतं होय!" म्हणत त्याने बटाट्यांत काटा घातला. मग खाता खाताच म्हणाला, "शनिवारी मला एकदा पाण्यावर नेऊन आण. दुपारपर्यंत एक जरी मासा माझ्या बोटीवरून सुटला, तर रविवारी त्या गिऱ्हाइकाला, दातांच्या डॉक्टरला, बोट देऊन टाक. मी हूं की चूं करणार नाही. पण नाही सुटला, तर पुन्हा बोट विकायचं नाव काढायचं नाही."

लेलंड झाबोने चौतीस वर्षं मार्बलहेडच्या खाणीत चुनखडीचा दगड फोडला होता. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्याचे मित्र म्हणत. हट्टही तितकाच जुना होता. नोव्हेंबरात मेंदूत रक्ताची गाठ झाली, डावा हात लुळा पडला, तीन आठवडे दवाखान्यात काढले, तरी गडी घरी आला तो आधी बोटीवरचं आच्छादन नीट बांधलंय का ते बघायला गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

डोळे त्याचे ठणठणीत होते. पण मेंदूने डावी बाजू सोडून दिली होती. दाढी करायचा ती उजव्या गालाची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, आणि दरवेळी चौकटीला शिव्या द्यायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मार्लिसला म्हणाली होती, "तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला थांबत जा. सगळं उजवीकडून हातात देऊ नका. त्यांना मान वळवून शोधू दे."

मार्लिसने ते शब्दशः पाळलं. पाच महिने ती त्याच्या डावीकडे बसली, डावीकडे उभी राहिली, आणि तो मान वळवील म्हणून गप्प राहिली. तो क्वचितच वळवायचा. हळूहळू तिलाही त्याने मान वळवण्याची वाट बघण्याचं काही वाटेनासं झालं. तसं तिला नोव्हेंबरपासून कशाचंच काही वाटत नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेल्या जेवणाची भांडी ती धुऊन परत करत होती, गोळ्या वेळेवर देत होती. आपण एकदाही रडलो नाही, हे तिच्या ध्यानात आलं ते फेब्रुवारीत, बर्फ उपसताना. तेव्हाही तिने नुसतं मनाशी "हो की" म्हटलं आणि फावडं पुढे चालवलं.

बोट विकायला हवी, एवढं तिला कळत होतं. डावीकडून दुसरी बोट आली तर हा माणूस तिच्यावर जाऊन धडकेल. त्यामुळे शुक्रवारी तिने क्लीटला फोन केला.

क्लीट नोवॉटनी म्हणजे लेलंडचा खाणीतला जोडीदार. दोघांची मैत्री एकमेकांना घालूनपाडून बोलण्यावर टिकलेली.

"उद्या तू काही सांगायचं नाहीस," मार्लिस म्हणाली. "डावीकडे मासा लागला तरी नाही."

"आणि तू?"

"मीही नाही."

"अगं, पण डावी बाजू तर तुझीच ना," क्लीट म्हणाला.

हे खरं होतं. एकतीस वर्षं त्या बोटीवर हाच नेम होता. सुकाणू उजवीकडे, तिथे लेलंड. डावीकडच्या खुर्चीत मार्लिस. बोट चालत असताना दोन्ही बाजूंना तीन-तीन दोऱ्या सोडायच्या. प्रत्येक दोरीला हातभर लांबीची नारिंगी फळी अडकवायची. पाण्याच्या रेट्याने फळ्या बोटीपासून दूर दूर सरकत जातात आणि बोटीबरोबर चालत राहतात, आणि त्यांच्या मागे शंभर-सव्वाशे फुटांवर रंगवलेला खोटा मासा डुलत येतो. वॉलाय जातीच्या माशाने तो गिळला की फळी मागे खेचली जाते आणि तिच्यावरचं लहानसं निशाण आडवं होतं. बोटीवरच्या माणसाचं काम एकच, डोळ्यांत तेल घालून फळ्या बघणं. उजव्या तीन लेलंडने बघायच्या, डाव्या तीन मार्लिसने. मासा लागला तर बोलायचं, नाहीतर नाही. पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यावर लोक थट्टा करत, की झाबोंच्या बोटीवर नवराबायकोचं भांडण होतच नाही, कारण दोघं एका दिशेला बघतच नाहीत.

"उद्यापुरती नाही," मार्लिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ऊन होतं, पण नावापुरतं. एप्रिलच्या सुरुवातीचं ईरी सरोवराचं पाणी हात घातला की हाडापर्यंत झोंबतं. बंदरातून क्लीटने बोट बाहेर काढली. खडकांची रांग मागे पडल्यावर त्याने सुकाणू लेलंडच्या हाती दिलं आणि स्वतः मागे जवळच उभा राहिला.

"केळी नाही ना आणलीस, म्हाताऱ्या?" लेलंडने विचारलं. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन.

"तुझ्याएवढा अपशकुन बसलाय बोटीवर, आणखी केळं कशाला?"

लेलंड खूश झाला. पाच महिन्यांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं. सगळे त्याच्याशी चर्चमध्ये बोलल्यासारखे बोलत.

वेग ताशी दीड मैल. क्लीटने एकेक दोरी मोजून सोडली, फळ्या लावल्या. उजवीकडे तीन, डावीकडे तीन. मार्लिस आपल्या खुर्चीत बसली. हातमोज्यांत बोटं बधिर झाली होती. तिने ती चोळली नाहीत.

पहिला मासा उजवीकडे लागला, आणि लेलंडने तो क्लीटच्याही आधी ओळखला. निशाण अजून उभं होतं, फळी फक्त वीतभर मागे पडली होती.

"बाहेरची. घसरतेय," तो म्हणाला.

गळाची दांडी मांड्यांमध्ये दाबून उजव्या हाताने त्याने दोरी गुंडाळली. फळी हाताशी आल्यावर क्लीटने ती सोडवली आणि शेवटी जाळं घातलं. चांगला बावीस इंचांचा वॉलाय, काचेच्या गोट्यांसारखे डोळे. तासाभरात उजवीकडे तीन मासे झाले. लेलंडने एकही निसटू दिला नाही. त्याच्या चेहऱ्याचा उजवा भाग हसत होता. मार्लिसला वाटलं, या हसण्याने आपल्याला काहीतरी व्हायला हवं. काही झालं नाही.

मग डावीकडची मधली फळी किंचित मागे पडली. निशाण हललं नाही. चार बोटांचा फरक, बस. नवख्या माणसाला दिसलाही नसता. मार्लिसला दिसला. लहानसा मासा लागला होता, फळी खेचायचं बळ नसलेला, नुसता ओढला जाणारा. एरवी तिने केव्हाच "मधलीवर पोर आहे" म्हणून हाक दिली असती आणि ते सोडवून पाण्यात टाकलं असतं.

क्लीटने तिच्याकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पाण्याकडे तोंड फिरवलं.

दहा वाजून गेल्यावर लेलंडने बोलोना सॉसेजचं सँडविच काढलं. बोट पश्चिमेला चालली होती, वारा पाठीशी होता. नेमकी तेव्हा डावीकडची बाहेरची फळी थांबली. निशाण पाण्याला टेकलं आणि फळी अशी मागे जायला लागली, जणू कुणी तिला दावं लावून माघारी नेतंय. मोठा मासा होता. एकतीस वर्षांत एवढ्या जोराने फळी गेलेली तिने चार-पाचदाच पाहिली होती.

शब्द तिच्या तोंडात आला होता. "बाहेरची." एवढाच. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

क्लीटने लेलंडच्या खांद्यावर हात ठेवण्यासाठी उचलला आणि परत खिशात घातला.

"कसली चुळबुळ चाललीय तुझी?" लेलंड म्हणाला.

"डावीकडे..." क्लीट म्हणाला आणि अडखळला. "डावीकडे काही नसेल ना, म्हणत होतो."

"डावीकडची काळजी तू कशाला करतोस?" लेलंडने सँडविचचा घास घेतला. "तिथे मार्लिस आहे. ती गप्प आहे म्हणजे काही नाही. एकतीस वर्षांत तिचा एक मासा सुटलेला नाही. माझे सुटलेत, तुझे तर विचारूच नकोस."

मार्लिसने ऐकलं. फळी अजून मागे जात होती. अजूनही बोलता आलं असतं. बोलली तर बोट राहील, आणि जूनमध्ये कधीतरी, ती नसताना, हा एकटा निघेल. नाही बोलली तर बोट जाईल. तिने हिशोबाने ठरवल्यासारखं गप्प राहायचं ठरवलं. पाच मिनिटं ती फळी पाण्यात झुंजत राहिली. मग एकदम पुढे उसळली, निशाण टुणकन उभं राहिलं, आणि फळी पुन्हा मुकाट चालायला लागली. मासा गेला होता.

दुपारी बाराला त्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. डाव्या बाजूच्या तिन्ही दोऱ्या क्लीटने गुंडाळल्या. मधलीवर तळहाताएवढा पांढरा पर्च मासा निघाला. दोन तास पाण्यातून ओढत आणल्यामुळे त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. क्लीटने तो हळूच पाण्यात सोडला, तो तसाच आडवा तरंगत मागे गेला. बाहेरचीवरच्या खोट्या माशाचा गळ सरळ झाला होता, खिळ्यासारखा. क्लीटने तो मुठीत लपवला.

"तर मग?" लेलंड म्हणाला. त्याने बोट मोकळी सोडली होती. "पाच लागले, पाच आले. सुटला का एखादा? खरं सांगा."

क्लीट आपल्या मुठीकडे बघत राहिला.

"एक सुटला," मार्लिस म्हणाली. "बाहेरचीवरचा. मोठा होता."

लेलंडने मान वळवायला सुरुवात केली. उजवीकडून निघालेली त्याची नजर समोरच्या काचेवरून सरकत, अडखळत, व्यायामवाल्या मुलीने शिकवलं होतं तशी, डावीकडे येत गेली. त्याला वेळ लागला. शेवटी ती तिच्यावर येऊन थांबली.

"तुला दिसला होता?"

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

क्लीटने मूठ उघडून गळ त्याच्या उजव्या हातावर ठेवला. लेलंडने तो अंगठ्याने चाचपला.

"मला डावीकडचं दिसत नाही हे मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला दिसत नाही म्हणजे काय, ते मला समजत नाही. पण एवढी माणसं सांगतात म्हणजे नसेलच दिसत. पैज लावली ती माझ्या डोळ्यांवर नव्हती लावली. मला वाटलं, तिथे तू आहेस."

मार्लिसने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"घरीही अशीच असतेस का? माझ्या डावीकडे, न बोलता?"

"ती मुलगी म्हणाली होती, तुला शोधू द्यायचं."

"मला वाटायचं, तू घरात नसतेस," लेलंड म्हणाला. "मला वाटायचं, कंटाळून कुठे कुठे जात असशील. विचारायचं नाही, असं ठरवलं होतं मी. जाऊ दे म्हटलं, तिने तरी माझं तोंड कितीदा बघावं."

पाच महिने. ती त्याच्यापासून दोन हातांवर बसून विणकाम करत होती, आणि हा एकटा राहत होता. तिला ओरडून रडावंसं वाटलं पाहिजे होतं. छातीवर नुसतं कुणी ओल्या वाळूचं पोतं ठेवल्यासारखं झालं.

"पैज पैज असते," लेलंडने गळ खिशात टाकला. "उद्या दहाला त्या दातवाल्याला बोलाव. बोट खरंच जायला हवी. तू बोलली नाहीस तर मला किनाराही दिसणार नाही." मग क्लीटला म्हणाला, "परत जाताना मी चालवतो. शेवटचं आहे."

क्लीटने मार्लिसकडे बघितलं. बंदराच्या तोंडाशी शनिवारची गर्दी असणार होती.

"चालवू दे," मार्लिस म्हणाली.

क्लीट त्याच्या पाठीशी उभा राहिला, सुकाणूपासून वीतभर अंतरावर हात ठेवून. बोट पूर्वेला वळली.

"डावीकडे बोट," मार्लिस म्हणाली. आवाज घोगरा निघाला. तिने खाकरून पुन्हा सांगितलं. "डावीकडे पांढरी बोट, लांब आहे. आपल्याच दिशेने चाललीय."

"बरं."

"डावीकडे लाल पिंप तरंगतंय. थोडा उजवीकडे घे. आणखी. झालं."

"बरं."

"डावीकडे खडक. त्यावर चार पक्षी. एक उडाला."

"पक्षी कशाला सांगतेस?" क्लीट म्हणाला.

"सांगू दे तिला," लेलंड म्हणाला.

ती सांगत राहिली. दीपस्तंभ, त्याच्या खाली कुत्रा फिरवणारा माणूस, कुत्रा तपकिरी. जाळ्यांचे खुंट. कुणाची तरी निळी टोपी पाण्यात. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, बंदराच्या भिंतीपर्यंत, एकही वस्तू न सोडता. लेलंड मान न वळवता, समोर बघत, प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होता आणि सुकाणू बोटभर इकडेतिकडे करत होता.

धक्क्याला लागल्यावर क्लीटने दोर बांधला. मार्लिस उठून उभी राहिली, पण तिला काही बोलता येईना. तासभर ओरडून घसा सोलून निघाला होता, गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. ती गळ्याला हात लावून तशीच उभी राहिली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखलं होतं.