गव्हाणच्या शेतातला फ्रिज

किल्ली फिरवली की फियाट नुसती कण्हायची. शेवटी तेवढंही करेना. अविनाशने खाली उतरून बॉनेट उघडलं. वायरचे चिमटे बॅटरीला तसेच धरलेले, आणि दुसरं टोक राहुटीजवळच्या त्या छोट्या फ्रिजला. रात्रभर चालून फ्रिजही आता गप्प पडला होता.

"पद्मजा, झोपण्याआधी वायर काढायची आठवण कर म्हणून तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, भाऊजी."

पद्मजा राहुटीच्या तोंडाशी बसून केस विंचरत होती. तिला फार बरं वाटत होतं.

अविनाश तिचा थोरला दीर. मस्कतला नोकरीला. दर सुट्टीत काहीतरी नवल आणायचा आणि पनवेलभर मिरवायचा. ब्याण्णव सालच्या त्या जानेवारीत गाडीच्या बॅटरीवर चालणारा फ्रिज आणला होता. सुट्टीची शेवटची रात्र गव्हाणला ओळखीच्या महादेवच्या शेतात राहुटी ठोकून काढायची, पोपटी खायची आणि सकाळी तिथूनच थेट विमानतळ गाठायचा, हा बेत त्याचाच. बॅगा डिकीत होत्या. कंपनीने एकदा रजा वाढवून दिली होती. आता वेळेवर हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, हे त्यानेच काल जेवताना सांगितलं होतं. पद्मजाने ते नीट ऐकून घेतलं होतं.

काल संध्याकाळी महादेवने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरली, मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. पोपटी शिजेपर्यंत अविनाशने फ्रिजमधून बाटली काढून महादेवच्या गालाला लावली.

"बर्फासारखी गार! भर शेतात! बघितलंस कधी?"

"नाय बा. आमी ताडीवाली मानसं."

सगळे हसले. पद्मजाही हसली. पण बर्फ म्हटलं की तिला वडील आठवायचे.

तिचे वडील देवरुखला वारले, तो दिवस तिने अविनाशच्या नव्या ब्लॉकमध्ये सत्यनारायणाचा शिरा ढवळण्यात घालवला होता. फोन सकाळीच आला होता. पण तिला कळलं असतं तर लेक म्हणून सुतक लागलं असतं, आणि मग प्रसाद कुणी करायचा? सुतक लागतं ते ऐकल्यापासून. ज्याने ऐकलंच नाही, त्याचे हात शुद्ध. शास्त्र मोठं सोयीचं असतं. पाहुणे जेवून पान खाऊन गेले, तेव्हा अविनाशने तिला गॅलरीत बोलावलं. म्हणाला, "फोन सकाळीच आला होता. म्हटलं, आधी जेवणं होऊ देत."

पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. परक्यांच्या मर्तिकाचे ट्रंक कॉल ती हातातलं सगळं सोडून जोडून द्यायची. आणि तिचाच निरोप घरात दिवसभर अडवून ठेवला. देवरुखला भावांनी वडिलांना बर्फावर ठेवलं, लेकीची वाट बघितली. बर्फ संपला तसं उरकून घेतलं. ती पोचली तेव्हा राख होती. त्या दिवसापासून तिने अविनाशला क्षमा केली नव्हती, आणि करणारही नव्हती. काल रात्री राहुटीबाहेर फ्रिजची घुरघुर चालू होती. तिने ती ऐकली आणि कूस बदलली.

"मग बोलली का नाहीस?" अविनाशचा आवाज चढला.

पद्मजाने कंगवा खाली ठेवला. "म्हटलं, आधी जेवणं होऊ देत."

अविनाशचा चेहरा उतरला. त्याला बरोबर कळलं होतं. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने धाकट्या भावाकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. प्रभाकर खाली वाकून गाडीचं चाक बघत होता.

"बरं," एवढंच म्हणून अविनाशने डिकीतून बॅगा काढल्या.

"या ढेकळांत ढकलून काय चालू व्हायची नाय गाडी," महादेव म्हणाला. "उरण रस्त्याला एखादा ट्रक गावतो का बघू." मोठी बॅग डोक्यावर घेऊन तो निघाला. मागोमाग अविनाश, बूट धुळीत, धावल्यासारखा. पद्मजा डोळे भरून बघत राहिली.

"दादाला एवढी शिक्षा नको होती गं," प्रभाकर म्हणाला.

"का? मला दिली तेव्हा?"

"तो फोन दादाने घेतला नव्हता."

ती वळली.

"मी घेतला होता. दादा म्हणाला, तिला लगेच सांग, माझी गाडी घेऊन जा, पूजेचं बघू काय ते. मीच म्हटलं, आधी जेवणं होऊ देत. मग तुला सांगायची हिंमत होईना, म्हणून त्याला पुढे केलं." तो अजून चाकाकडेच बघत होता. "तो कधी बोलला नाही."

अविनाश अजून रस्त्यापर्यंत पोचला नव्हता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पद्मजा दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. बघता बघता तो बाभळींच्या आड गेला.

प्रभाकरने बाह्या वर केल्या आणि गाडीला खांदा लावला. "कडक जमीन लागेपर्यंत तरी नेऊ. हात लाव जरा."

पद्मजा बांधावर जाऊन बसली. पदर गुडघ्यांवर ओढून घेतला. गाडी जागची हलेना. प्रभाकरचे पाय मातीत घसरत होते, मानेवर घाम आला होता, तरी तो मागे वळून बघत नव्हता. तिने त्याला ढकलू दिलं.