कोड आला काय, आये?

मालूबाईच्या मुलाचा फोन कशासाठी येतो, हे शेणव्यातल्या त्यांच्या आळीत पोराटोरांनाही पाठ झालं होतं. फोन वाजला, की ती हातातलं टाकून अंगणाच्या कडेला पेरूच्या झाडाखाली धावायची, कारण रेंज तिथंच काय ती मिळायची. पलीकडून ऋतिक विचारायचा, "आये, कोड आला काय?"

आलेला असायचाच. ऋतिकच्या बारावीच्या वेळी घरात एकच मोबाइल होता, त्याच्या बापाचा, कोंडूचा. किन्हवलीच्या स्टँडसमोर ऑनलाइन कामांचं दुकान चालवणाऱ्या प्रियांकाने ऋतिकची ई-मेल काढून दिली, तेव्हा तोच नंबर टाकला. पुढे कोंडू वारला, मोबाइल मालूकडे आला आणि पोरगा चाकणला कंपनीत लागला. पण मेलला हे कोण सांगणार? ऋतिकने मोबाइल बदलला, तो कंपनीच्या कॉम्प्युटरवर बसला किंवा पासवर्ड विसरला, की मेल हटून बसायची, तूच तो ऋतिक कशावरून? आणि खात्री करायला सहा आकड्यांचा कोड पाठवायची तो थेट शेणव्याला, आईकडे. एका परीने बरोबरच होतं म्हणा. पोरगा खरा की खोटा, हे आईला नाही विचारायचं तर कोणाला?

आकडे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण मालू ते काम चांगलं ताणायची. आधी म्हणायची, "थांब, चष्मा आनते." चष्मा कपाळावरच असायचा. मग एकेक आकडा, मीठ चिमटीने टाकावं तसा.

"चार... जेवलास काय?"

"हो. पुढं?"

"आठ... खानावळवाला भात तरी नीट शिजवतो ना रे?"

"आये, टाइम जातो! कोड मरंल!"

कोड मरायच्या आत उरलेले आकडे सांगावे लागायचे. मग "झालं, ठेवतो," आणि फोन बंद. ती उगाच थोडा वेळ झाडाखाली उभी राहायची. कोडाखाली इंग्रजीत काय लिहिलेलं असतं, ते तिने एकदा प्रियांकाला विचारलं होतं. प्रियांका म्हणाली, "हा कोड कोणालाही सांगू नका, असं लिवलंय, काकी." मालूला हसू आलं. सांगायला होतं कोण?

लोक म्हणतील, आईने सरळ सांगावं की, बाबा रे, अधूनमधून फोन करत जा. सांगून बघा एकदा. सांगून आलेला फोन हा मागून आणलेल्या विरजणासारखा, दही लागतं, पण आपलं वाटत नाही. शिवाय पोरगा वाईट नव्हता. पैसे पाठवायचा, दिवाळीला साडी आणायचा. त्याला बोलायला सुचायचं नाही, एवढंच. बाप तसाच होता. पण बाप निदान समोर बसून गप्प असायचा.

शेजारची सकुबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "कामापुरता मामा नि ताकापुरती आजी. तुझा ऋतिक कोडापुरता फोन करतो गो." मालूला ते इतकं लागलं, की तिने सकुबाईकडे जाणंच सोडलं. त्यामुळे सकुबाईचं काही बिघडलं नाही. संध्याकाळी बसायला जायचं होतं ते एक घर मालूचं मात्र कमी झालं.

माहेरचंही तेच. माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. भावाच्या मुलीच्या हळदीला गेली, तर डोंगराच्या आत वळल्यावर मोबाइलवरच्या रेंजच्या कांड्या एकेक करून विझल्या. बाया हळदीची गाणी म्हणत होत्या आणि ही मोबाइल उंच धरून बांधाबांधाने फिरत होती. पोराचा कोड आला आणि आपण नसलो तर? सकाळी लग्नाचीही वाट न बघता ती पहिल्या जीपने परत आली. कोड काही आला नव्हता. भाऊ रागावला नाही, फक्त नंतर बोलवेनासा झाला.

आणि एका रविवारी ऋतिकचा फोन आला तो खुशीतच. "आये, आता तुझी कटकट संपली बघ. मेलला माझाच नंबर टाकतो. साहेब बोंबलतो ना, दर टायमाला गावाला काय फोन करतोस म्हनून. आता शेवटचा एक कोड येल. पुढच्या रविवारी करतो, तवा मोबाइल जवळ ठेव."

"बरं," मालू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी ती एसटीने किन्हवलीला गेली. प्रियांकाच्या दुकानात गर्दी होती. सगळ्यांची कामं होईपर्यंत मालू बाकावर बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, "प्रियांका, त्याचा नंबर टाकला, तरी माझ्याकडं बी कोड येत राहील, असं करता येतं काय गो?"

"कशाला, काकी? तुमचा त्रास वाचला की! एकदा नंबर बदलला, की तुमाला काय बी बघायला नको."

"काय बी?"

"काय बी नाय. सुटलात तुमी."

प्रियांका गुणी पोरगी, चहासुद्धा पाजला. पण मालू तो चहा हातात धरून नुसती बसून राहिली. सुटका झाली म्हणून कोणी असं बसतं का, असा प्रश्न त्या पोरीला पडला असेल.

पुढच्या रविवारी फोन वाजला. कोड आला होता. चष्मा नाकावर होता आणि सहाही आकडे लख्ख दिसत होते. मालूने वाचायला सुरुवात केली. पहिले पाच बरोबर सांगितले. शेवटचा आठ होता. तिच्या तोंडून निघालं, "तीन."

ठरवलं नव्हतं तिने. पण निघालं खरं. पलीकडे ऋतिकने टाकून पाहिलं. "चुकला म्हनतंय. परत पाठवतो." दुसरा कोड आला. या वेळी मात्र तिने ठरवून सांगितलं, एकाच्या जागी सात. तिसऱ्या वेळी तर दोन आकडे फिरवले. खोटं बोल पण रेटून बोल, हे तिला जन्मात कधी जमलं नव्हतं, ते त्या दिवशी बरं जमलं.

"आये, तुला दिसत नाय काय? कोनाकडं तरी दे जरा फोन!"

"कोनाकडं देऊ?" ती म्हणाली. अंगणात कोंबड्या होत्या.

लागोपाठ इतकं चुकल्यावर मेल रुसून बसली. आता काही दिवस थांबा, म्हणाली. ऋतिक चडफडला. मालूला मनातून आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. पोराचं काम अडवून आपण काय कमावलं? एक आठवडा. पण ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला आठवडासुद्धा पुष्कळ असतो.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पुढच्या शनिवारी दुपारी अंगणात मोटारसायकल थांबली. चाकणहून माळशेज उतरून, सरळगाववरून ऋतिक स्वतःच आला होता. गणपतीनंतर पहिल्यांदाच. मालूने तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, सुकट परतली, मध्येच आठवून अंडी उकडली, आणि तो जेवताना समोर बसून राहिली. तो मोबाइलमध्ये बघत जेवला. तिची हरकत नव्हती. समोर तर होता.

जेवून उठल्यावर त्याने तिचा मोबाइल घेतला, मागचे कोड काढले आणि कपाळाला आठी घातली. "आये, हा बघ, आठ हाय. तू तीन सांगितलंस. इथं एक हाय, तू सात म्हनालीस."

"हल्ली धूसर दिसतं रे," ती म्हणाली.

त्याने आईकडे पाहिलं. नीट, मोबाइल खाली ठेवून पाहिलं. "आधी का नाय बोललीस? उद्या शहापूरला डोळ्यांचा डॉक्टर रविवारी बी बसतो काय, इचारतो. बाबाचं बी असंच झालं, दुखनं शेवटपर्यंत सांगितलं नाय." त्याला आपली एवढी काळजी आहे, हे मालूला त्या क्षणी कळलं, आणि ते कळलं ते खोट्यापायी. बापाच्या आठवणीने पोराचे डोळे भरले होते. आपण उठून सांगून टाकावं, असं तिला वाटलं. नाही सांगवलं.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीवरच्या पाटीसमोर बसवलं. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली. ऋतिक खुर्चीमागे उभा होता. चुकीचं वाचायचं, असं मालूने रात्रीच ठरवलं होतं. चष्म्याचा नंबर निघेल, परत दाखवायला बोलावतील, परत यावं लागेल त्याला. वरच्या दोन ओळी तिने अडखळत वाचल्या. तिसरीत 'म'ला 'भ' म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी यंत्रात डोळे पाहिले, मग तिचा चष्मा तिला परत घालायला लावून हातात छापील कागद दिला. म्हणाल्या, "जमेल तेवढं मोठ्याने वाचा, मावशी."

कुठल्यातरी गावच्या विहिरीचा मजकूर होता. मालू सातवीपर्यंत शिकलेली, आणि वर्गात उभं राहून धडा वाचायचा तो कायम तीच. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि तो शाळेतला सूर आपोआप लागला. मध्ये थांबायचं, चुकायचं, काही आठवलं नाही. तळाशी अगदी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळसुद्धा तिने धडाधड वाचून टाकली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "डोळ्यांना काही झालेलं नाही. चष्माही बरोबर आहे. उगाच घाबरलात."

मालूने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. मग म्हणाला, "मंग आकडे का चुकवलेस?"

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? "बरोबर सांगितले असते, तं तू परत फोन कशाला केला असतास?"

"असं काय बोलतंस, आये? मी काय करनार नाय काय फोन?"

"कवा केलास, कोडाबिगर?"

तो आठवू लागला. मालूने चांगला चहा संपेपर्यंत त्याला आठवू दिलं. त्याला आठवलं नाही. त्याचं तोंड इतकं उतरलं, की तिलाच वाईट वाटलं. आई होणं ही मोठी वाईट खोड आहे. हक्काने रागवायची वेळ येते, तेव्हाच नेमकी दया येते.

"राहू दे तुझाच नंबर," तो खाली बघत म्हणाला. "येऊ दे कोड तुझ्याकडंच."

तिला हवं होतं ते हेच. पण ते असं टपरीवर, खाली मान घातलेल्या पोराने दिल्यावर तिला नकोसं झालं. "नको," ती म्हणाली. "बदल. आत्ताच बदल, माझ्यासमोर. कोडासाठी केलेला फोन नको मला. साहेबाची बोलनी खातोस ते तं बिलकूल नको."

त्याने मोबाइल काढला. मेलचा रुसवा गेला होता. मालूच्या मोबाइलवर कोड आला. तिने सहाही आकडे एका दमात सांगितले, मध्ये कुठेही न थांबता. जेवलास काय, हेही विचारलं नाही.

"झालं," तो म्हणाला.

घोडं गंगेत न्हालं. घरी सोडून तो अंगणातूनच परत फिरला, दिवस मावळायच्या आत घाट चढायचा होता त्याला. "करतो फोन," असं ओरडून गेला.

करतो म्हणालेला फोन लवकर आला नाही. मालूने वाट बघायची नाही असं ठरवलं आणि मोबाइल कमरेला खोचून पेरूखालीच तांदूळ निवडत बसू लागली. मोबाइल वाजायचा तो सिमकार्डवाल्या कंपनीच्या जाहिरातींनी. एकदा मन घट्ट करून सकुबाईच्या दारापर्यंत गेली, कुलूप होतं, परत आली. घरात बोलायला कोणी नसलं, की माणूस भांड्यांशी बोलतं म्हणतात. ती तेवढ्यावर आली नव्हती, पण ताटली पडली, तर "पड बाई" म्हणू लागली होती.

असाच एक रविवार संध्याकाळकडे झुकला असताना फोन वाजला. ऋतिक. सवयीने तिच्या तोंडून गेलं, "काय रे, कोड पायजे काय?"

"नाय. असाच केला."

असाच. मालूने झाडाला हात टेकला. "जेवलास?"

"हो. तू?"

"हो."

संपलं. पुढे काय बोलायचं, ते दोघांनाही येत नव्हतं. कोडामध्ये निदान आकडे तरी असायचे. एरवी त्याच्या फोनमागे मशीनची घरघर, कोणाच्या तरी हाका, हॉर्न, असा गलका असायचा. त्या गलक्यावरून तिने मनाशी पक्कं केलं होतं, की पोरगा माणसांत आहे, मजेत आहे, म्हणून आई आठवत नाही. आज मागे काहीच नव्हतं. एक पंखा तेवढा खडखडत होता.

"खोलीत कोन नाय काय रे?"

"नाय. एक गावाला गेला, एक कंपनीत पाळीला."

"मंग सुट्टीला काय करतंस?"

"झोपतो."

"आनि ते असले म्हंजे? बोलता ना एकमेकांशी?"

मग ऋतिक म्हणाला, "कोन बोलनार, आये? सगले मोबाइलमधी डोकं घालून. दिवसभर माझ्याशी कोन बोलत नाय." शाळेत मार खाऊन आल्यावर तो ज्या आवाजात सांगायचा, तोच आवाज होता.

एकटेपण आपल्या एकटीच्याच वाट्याला आलंय, असं ती इतके दिवस धरून बसली होती. तेवढं तरी आपलं स्वतःचं आहे, अशी जणू हौस. आणि पोरगाही तेच घेऊन तिकडे बसला होता, आकडे मागत होता आणि ठेवतो म्हणत होता.

"बरं, ठेवू काय?" त्याने विचारलं.

काहीतरी निमित्त काढायला तिची जीभ वळली. एकही निमित्त सापडेना.

"नको ठेवू," ती म्हणाली.

पलीकडे खाट करकरली. तो बोलायला नीट बसला असावा.