शिनोलीतलं एकटं संत्रं

मित्रांनो, मी एक जुनं संत्र्याचं झाड आहे. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोली लागते. तिथे वस्तीच्या टोकाला, एका कुलूप लावलेल्या घरासमोर मी उभा आहे. आजूबाजूला आंबे आहेत, शेवगा आहे, ओढ्याकाठी करंज आहे. संत्र्याचं झाड मात्र मी एकटाच. इथल्या सत्तावीस वर्षांत माझ्या जातीचं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. बोलायला कोणी नसतं, म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका रोपवाटिकेत झाला. खरं तर मी दोन झाडं मिळून एक झालो आहे. आधी तिथे जंबेरीचं बी रुजवलं. जंबेरी म्हणजे काटेरी, आंबट, रानवट लिंबू. पण तिची मुळं चिवट. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर माळ्याने त्याच्या सालीला चीर दिली, तिच्यात गोड संत्र्याच्या फांदीचा एक डोळा बसवला आणि पट्टीने बांधला. तो डोळा फुटला, तो मी. पाय जंबेरीचे आणि अंग संत्र्याचं. खोडावर जिथे दोघं जुळली, त्या जागेला जोड म्हणतात.

रोपवाटिकेत आम्ही हजारो होतो. वारा आला की पानाला पान लागायचं. एकटेपणा म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. त्या वर्षी शिनोलीचे खंडू गवंडीही आले होते. परतताना सोबतच्या लोकांनी पुस्तकं घेतली, फोटो घेतले. खंडूंनी मुलांसाठी एक पुस्तक घेतलं आणि मग रोपं विकणाऱ्या गाड्यापाशी येऊन उभे राहिले.

"आमच्याकडं पाऊस लई असतो, भाऊ. जगंल का ह्ये?" त्यांनी विचारलं.

"जगते ना. पाणी साचू देऊ नका. अन् हा जोड मातीच्या वर वीतभर राहू द्या," विकणारा म्हणाला. "जोड गाडला का झाड सडलं समजा. एवढं ध्यानात ठेवजा."

रेल्वेत उभं राहायला जागा नव्हती. खंडूंनी मला मांडीवर घेतलं आणि पुणं येईपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे एसटीने मंचर, घोडेगाव आणि शिनोली. दारात त्यांची बायको जानकाबाई उभी होती.

"ह्ये काय आणलं?"

"संतरं हाय."

"इथं कुठं संतरी व्हत्यात?"

"मग एक तरी व्हऊ दे," खंडू म्हणाले.

अंगणाच्या उंच बाजूला त्यांनी खड्डा घेतला. तळाला मुरूम आणि विटांचे तुकडे टाकले, म्हणजे पाणी निचरून जावं. जोड मातीच्या वर राहिला की नाही, हे त्यांनी स्वतःची वीत लावून पाहिलं. गवंडी माणूस होते, मापाला पक्के. पाचव्या वर्षी मी फळ धरलं. सातच फळं आली. खंडूंनी ती शेजारीपाजारी फोडी करून वाटली; त्यांच्या स्वतःच्या वाट्याला साल आली. ती हुंगत ते ओट्यावर बसले होते, हे मला चांगलं आठवतं.

त्यांना दोन मुलं. थोरला रत्नदीप आणि धाकटी स्नेहा. स्नेहा माझ्या सावलीत अभ्यासाला बसायची. एकदा शाळेत 'माझे आवडते फळ' असा निबंध होता. तिने शिक्षकांकडून माहिती मिळवली आणि संध्याकाळी बापाला मोठ्याने वाचून दाखवली. माझ्या घराण्याचा इतिहास मला त्या दिवशी कळला.

आमचं मूळ घर ईशान्य भारत आणि चीनच्या बाजूच्या डोंगरात. संस्कृतात आम्हाला नारंग म्हणत. व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द इराणात गेला, अरबस्तानात गेला, तिथून स्पेनला पोहोचला आणि बदलत बदलत इंग्रजीत ऑरेंज झाला.

"म्हंजी ऑरेंज आपलंच हाय म्हणायचं," खंडू म्हणाले.

"पुढं तर ऐका, बाबा." आणि तिने पुढे वाचलं. नागपुरात संत्री भोसल्यांच्या बागेत पहिल्यांदा लागली, असं सांगतात. पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर काळे डाग पडायचे, माणसं दगावायची. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी जहाजावरच्या एका डॉक्टरने आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं, ते आठवड्याच्या आत उठून बसले. त्यात काय होतं, ते फार उशिरा कळलं. ते होतं 'क' जीवनसत्त्व. आपलं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. रोजच्या खाण्यातूनच घ्यावं लागतं.

मित्रांनो, त्याच पोरीला पुढच्या वर्षी माझी गरज पडली. स्नेहा तेरा वर्षांची झाली आणि सुकत चालली. शाळेचा जिना चढली की धापा टाकायची. शाळेत तपासणी झाली, तेव्हा तिचं रक्त फार कमी निघालं. गावातल्या नर्सबाई घरी आल्या.

"गोळ्या चालू करा," त्या जानकाबाईंना म्हणाल्या. "पण चहाबरोबर देऊ नका. पालेभाजी, कडधान्य रोज पाहिजे. आणि जेवताना काहीतरी आंबट द्या. लिंबू, आवळा, संत्रं. त्यानं अन्नातलं लोह अंगाला लागतं."

"संतरं तर दारातच हाय," जानकाबाई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात माझी सगळी फळं त्या पोरीची होती. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि एक संत्रं. माझी फळं संपली तेव्हा जानकाबाईंनी लिंबं आणली. पाऊस सुरू झाला तोवर स्नेहा पुन्हा पळत शाळेला जाऊ लागली. लोक म्हणायचे, झाडानं पोरीला वाचवलं. तसं नाही. गोळ्यांचं काम गोळ्यांनी केलं, भाजी-भाकरीचं काम भाजी-भाकरीनं केलं. मी मदतीला होतो. पण मदतीला असणं काय असतं, ते एकट्या झाडाला विचारा. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भरलेला काळ.

मग मुलं मोठी झाली. स्नेहा नर्स होऊन मंचरला दवाखान्यात लागली. रत्नदीप चाकणला कंपनीत लागला आणि भोसरीत राहू लागला. खंडूंना साखरेचा आजार जडला. रत्नदीप सुट्टीला आला की बापासाठी संत्र्याच्या रसाचे खोके आणायचा. खोक्यावर माझ्यासारखं फळ रंगवलेलं असायचं.

स्नेहाने एकदा ते खोकं पाहिलं. "ह्यात वरनं साखर घातल्याली हाय, दादा. आन घरी रस काढला तरी चोथा जातो, साखर लगीच चढती. तीन संत्र्यांचा रस एका घोटात जातो. तीन संत्री खायला बस, एकातच पोट भरतं. बाबा, तुमी आख्खं फळ खा. एकच. वरच्या पांढऱ्या शिरा काढू नका."

रत्नदीप म्हणाला, "मला काय म्हाईत. मी प्रेमानं आणलं."

तो खोटं बोलत नव्हता. तो जे करायचा, ते प्रेमानंच करायचा.

तीन वर्षांपूर्वी खंडू गेले. जानकाबाई सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, एकट्या राहिल्या. पहिल्याच पावसात त्या अंगणातल्या चिखलात घसरल्या. रत्नदीप त्यांना भोसरीला घेऊन गेला आणि इकडे कामाला माणसं लावली. चार दिवसांत अंगणात दीड फूट मुरूम पडला. त्यावर रोलर फिरला, त्यावर सिमेंटचे ठोकळे बसले. माझ्या खोडाभोवती ताटलीएवढं भोक उरलं. माझा जोड खाली गाडला गेला.

जानकाबाई परत आल्या, तेव्हा त्यांना अंगण आवडलं. मग त्या माझ्यापाशी आल्या, खोडावरून हात फिरवत खाली गेल्या, आणि हात फरशीला लागला.

"रत्नदीप, जोड कुठं गेला रं? ह्यांनी तो कधी झाकू दिला न्हवता."

"आई, इतकं मोठं झाड हाय. त्याला काय व्हतंय? तू पडली असतीस तर?"

 तीन दिवसांनी तो त्यांना पुन्हा भोसरीला घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं.

मित्रांनो, पुढच्या दोन पावसाळ्यांबद्दल मी थोडंच सांगतो. फरशीच्या फटीतून पाणी आत जायचं आणि माझ्या गळ्याशी साचून राहायचं. जोडाजवळची साल सडली. तिच्यातून डिंक गळू लागला. पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. माझं अंग थकत चाललं तसे माझे पाय जागे झाले. जमिनीलगतच्या भोकातून जंबेरीचे फुटवे निघाले, हिरवेगार, लांब काट्यांचे. मुळांनी ओढलेलं पाणी आता त्यांनाच जात होतं. मी हाक मारावी असं अंगणात कोणी नव्हतं, आणि झाडाला हाक मारताही येत नाही.

मागच्या दिवाळीत रत्नदीप आईला घेऊन आला. फुटव्यांना खरबरीत, पिवळी फळं लागली होती. रत्नदीपने एक तोडून तोंडात घातलं आणि थुंकलं.

"म्हातारं झालं झाड," तो म्हणाला. "बिघडलं. येत्या रविवारी तोडणाऱ्याला बोलावतो. गाडी वळवायलाबी जागा व्हईल."

जानकाबाई ओट्यावर बसून होत्या.  रत्नदीप आत गेल्यावर त्यांनी फोन लावला. "स्नेहा, रविवारच्या आत ये. येताना पहार आण."

शनिवारी सकाळी स्नेहा आली. रत्नदीप सामान आणायला घोडेगावला गेला होता. स्नेहाने पहिला ठोकळा उचकटला. जानकाबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून त्या खालीच बसल्या आणि ठोकळे एकेक करून बाजूला सरकवू लागल्या. मग मुरूम. स्नेहा खणायची आणि म्हातारी हाताने उपसायची. दुपारी जोड उघडा झाला. काळा, ओला, वास मारणारा. स्नेहाने जखमेवर हात ठेवावा तसा त्यावर हात ठेवला.

"अर्धा गेलाय, आई. पलीकडची साल अजून हिरवी हाय."

तेवढ्यात रत्नदीपची गाडी आली. अंगण उचकटलेलं, बहिणीच्या हातात पहार, आणि आई मुरमात बसलेली, कोपरापर्यंत लाल. तो काचेआडून हे बघत होता. मग उतरला.

"आई, उठ. गुडघं दुखतील."

"दुखत्यातच," जानकाबाई म्हणाल्या. "तू माझ्यासाठी केलंस, ते मला कळतं. पर मला इचारलं न्हाईस. आन झाडाला बोलता येत न्हाई, म्हणून मी सांगती. ते मरायला टेकलंय, रत्नदीप. म्हातारं झालं न्हाई."

रत्नदीपने गाडी मागे घेतली, रस्त्यावर लावली आणि पँट दुमडून खड्ड्यात उतरला. संध्याकाळपर्यंत माझ्याभोवती चार हात माती मोकळी झाली. रविवारी तोडणारा आला, त्याला त्यांनी फक्त माझ्या वाळलेल्या फांद्या दाखवल्या. जंबेरीचे फुटवे मुळापासून काढले. सडलेली साल चाकूने खरवडली आणि बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप लावला. झोंबला, पण बरं वाटलं.

आता माझी एकच फांदी उरली आहे. या वर्षी तिला एकोणीस फळं लागली. जानकाबाईंना आता प्रवास झेपत नाही; त्या भोसरीत चौथ्या मजल्यावर असतात. रत्नदीप रात्रपाळीतून मोकळा झाला की कधीतरी येतो, पाणी घालतो, खोड दाबून बघतो आणि जातो. स्नेहा रविवारी येते. बाकीचे सहा दिवस मी आणि कुलूप.

परवाच्या रविवारी तिने पहिलं फळ तोडलं आणि फोनवर आईचा चेहरा आणला.

"रंग बरा धरलाय," जानकाबाई तिकडून म्हणाल्या. "खाऊन सांग. आंबट हाय का गोड?"

स्नेहाने फळ सोललं. एक फोड तोंडात टाकली आणि हळूहळू चावली.

"गोड हाय, आई. पयल्यासारखं."

मित्रांनो, ते गोड नव्हतं. दुखऱ्या जोडामुळे माझ्या फळांत अजून पुरती साखर भरत नाही. पण स्नेहाने ते संत्रं शिरांसकट, शेवटच्या फोडीपर्यंत खाल्लं, आणि आई बघत होती तोवर तोंड वाकडं केलं नाही.

तुमच्या दारातही एखादं झाड असेल. त्याच्या पायाशी फरशी घालायची असेल तर घाला, पण ज्याने ते लावलं, त्याला आधी विचारा. तो नसेल, तर त्याच्याबरोबर ज्याने पाणी घातलं त्याला विचारा. आणि संत्रं खाल तेव्हा त्याचा रस काढून घाईने संपवू नका. सोला, कुणाशेजारी तरी बसा आणि फोड-फोड खा.

परवा कुलूप लावून स्नेहा स्कूटरवरून घोडेगावच्या बाजूला गेली. आज मंगळवार आहे. फांदीवर अठरा फळं आहेत. देठ आता सैल व्हायला लागले आहेत, वाराही सुटला आहे. रविवारपर्यंत मी त्यांना धरून ठेवणार आहे.