उलटा पीळ

"बूट चावतात गो. अनवाणी न्याय होत नाय काय?"

"होतो. पण साहेब बूट घालून बसतो, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसणार."

आमचे हे, शौकत, गलबतांच्या फळ्यांमधल्या फटी भरणारे कारागीर. तेलात भिजवलेला कापूस पिळायचा, फटीत ठोकायचा; तीस वर्षं एवढंच. दुबईच्या इंग्रजी कोर्टातल्या साहेबाला कायदा कळायचा, लाकूड कळायचं नाही. म्हणून अशा खटल्यात तो जाणता कारागीर शेजारी बसवून त्याचं मत घेई. चौसष्ट साली निरोप आमच्या घरी आला.

खटला जहूर नाखव्याचा. त्याच्या गलबतात पाणी शिरून खजूर नासला. दोष त्यानं खैरुद्दीनवर ठेवला, कारण शेवटची दुरुस्ती त्याची. खैरुद्दीन चाळिशीचा, यांच्याच हाताखाली शिकलेला. गेल्या वर्षी वेगळा झाला आणि दोघांत बोलणं बंद. दोष शाबीत झाला, तर खाडीवर त्याला पुन्हा कुणी काम देणार नव्हतं. बायकामुलांसकट परत रत्नागिरीला.

खुर्चीत बसून काही कळेना, म्हणून यांनी कोर्टच खाडीवर आणलं. ओहोटीला गलबत रेतीवर कलंडलं होतं. मी जेवणाचा डबा घेऊन पोचले. अकरा वाजता कोण जेवतं, हे कुणी विचारलं नाही.

"शौकतभाय, कच्चं काम आहे याचं," जहूर म्हणाला. "बोल आणि खलास कर."

हे हातोडीनं ठोकत पुढून मागे गेले. नीट भरलेली फट खणखणीत वाजते. सुकाणूपाशी आवाज बसला. यांनी तिथला कापूस उपसला, बोटांवर धरला आणि बघतच राहिले.

मला लांबूनच कळलं. डावखुरा माणूस कापूस उलटा पिळतो. या धंद्यात अख्ख्या खाडीवर डावखुरा एकच, आणि त्याच्याशी माझा निकाह झालाय. साहेब घड्याळ बघत होता. खैरुद्दीन मान खाली घालून उभा होता.

"साब, मेरेकू खुर्सीसे उतारो," हे म्हणाले. "ये काम मेरा है. दो साल पहले का. खैरुद्दीनने आगे की बाजू भरी, वो पक्की है."

साहेबानं दुभाष्याकडून दोनदा विचारून घेतलं, मग खैरुद्दीनला तिथल्या तिथे मोकळं केलं.

"गप ऱ्हायला असतास तर कुणाला कळलं असतं?" जहूर म्हणाला. "आता खटला तुझ्यावर करू?"

"कर. पन आधी भोक बुजवू दे. भरती येतेय."

मग हे खैरुद्दीनकडे वळले. "तुला ठाव होता?"

"दुरुस्तीच्या वेळीच तुमचा पीळ दिसला होता, उस्ताद. वाटलं, टिकेल."

"मग कोर्टात बोललास का नाय?"

"तुमचं नाव कसं घेऊ?"

हे वाकून गलबताखाली शिरले. पाणी घोट्याला लागलं होतं. खैरुद्दीन शेजारी उकिडवा बसला, तेलातला कापूस घेऊन पिळू लागला. उजव्या हाताला ते जमेना, दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा त्यानं यांच्यापुढे धरला. पीळ कच्चाच होता, पण उलटा होता. यांनी तो तसाच फटीत घातला आणि हातोडी उचलली.