संपर्क होत नाही

भोरच्या एसटी स्टँडसमोर एका आरोग्य विमा कंपनीचं ऑफिस आहे. तिथे तक्रारी निस्तरायचं काम श्रीपादरावांचं. माणूस बोलायला गोड, पण आतून पक्का बेरकी. दर तिमाहीला विमा नियामकाकडे अहवाल जायचा: तक्रारी किती आल्या, किती मिटल्या, किती पडून आहेत. पडून असलेल्यांच्या रकान्यात श्रीपादरावांचं कायम शून्य. त्या शून्याच्या जोरावर पुण्याची बढती यंदा अगदी हाताशी आली होती.

युक्ती सोपी होती. तक्रारदाराला फोन करायचा. लागला नाही की ‘संपर्क होत नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद. डोंगरातल्या हिर्डोशीकडची माणसं भर दुपारी भाताच्या खाचरात असतात आणि खाचरात रेंज नसते, हे त्यांना चांगलं ठाऊक. म्हणून फोन भर दुपारीच.

आज संध्याकाळी अहवाल जायचा होता आणि एकच तक्रार उरली होती, हिर्डोशीच्या कोंडिबाची. आजार पॉलिसीच्या आधीचा, असं म्हणून कंपनीने त्याचा क्लेम फेटाळला होता. श्रीपादरावांनी चहा पीत निवांत नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“बोला सायेब. आता कवाबी लावा, हितं रेंज लई चांगली हाय. आजार आधीचा नव्हता, तेवढं लिवून घ्या.”

मागे कसलाच आवाज नव्हता. वारा नाही, पाखरू नाही. ‘बघतो’ म्हणत श्रीपादरावांनी फोन ठेवला आणि तरीही नेहमीचा शेरा मारलाच.

तेवढ्यात डोकं भादरलेला एक तरणा माणूस आत आला. “मी धनाजी, कोंडिबाचा ल्योक. बाबा गेलं गेल्या हप्त्यात. तक्रार मिटवून टाका, आमी थकलो.”

“अहो, आत्ताच बोललो की त्यांच्याशी!”

“फोन त्यांच्यासंगंच सरणावर ठिवला, सायेब. लई जीव हुता त्याच्यावर.”

श्रीपादरावांनी मघाशी लावलेला नंबर पुन्हा तपासला. कोंडिबाचाच होता. पण गडी चिवट. मुलगाच मिटवा म्हणतोय, म्हणजे आता शून्य खोटंही नाही. त्यांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

श्रीपादरावांचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर कोंडिबाचाच नंबर. त्यांनी तो नुसताच वाजू दिला. शेवटी धनाजीनेच उचलून कानाला लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला, डोळे घळाघळा वाहत होते. मग त्याने कागद बाजूला सारला.

“बाबा म्हणत्यात, तक्रार ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “आन त्यांच्यामागं लई माणसं हुबी हायेत म्हणं. तुमचा फोन कवा लागला न्हाई, म्हणून थांबलीत.”

आणि त्याने मोबाईल श्रीपादरावांपुढे धरला.