थंड वाऱ्याची बाजू

श्रीहरीने थर्मामीटर पाण्यातून वर ओढला, दोरीचं पाणी झटकलं आणि तो उजेडाकडे धरून पाहिला. पारा कालच्या रेघेवरून हललेला नव्हता. त्याने तो पुन्हा पाण्यात सोडला, पाण्याला विचार बदलायला थोडा वेळ दिला आणि परत काढला. पारा तिथेच.

घुग्घुसजवळच्या सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतला हा पोहण्याचा तलाव दरवर्षी दिवाळीनंतर बंद व्हायचा तो थेट होळीला उघडायचा. यंदा तो हिवाळ्यातही चालू ठेवायचा असं क्लबच्या कमिटीने ठरवलं, तेव्हा अर्धी कॉलनी हसली. उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या या मुलखात पाणी तापवायला यंत्र! पण जंगलाकडून येणाऱ्या वाऱ्यात डिसेंबरची एक सकाळ ज्याने काढली आहे, तो हसत नाही. यंत्र निवडायचं काम मेंटेनन्सचा फोरमन म्हणून श्रीहरी रामटेकेच्या गळ्यात पडलं.

क्लबचे सेक्रेटरी देवघरेसाहेब यांना कोळशाचा बॉयलर हवा होता. कोळशाच्या खाणीवर बसून दुसरं काही कशाला शोधायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, तरी श्रीहरीने ती काढली. बॉयलर म्हणजे धूर, काजळी आणि पहाटे भट्टी पेटवायला माणूस. म्हणजे तो पेटणार फक्त रविवारी, साहेबलोकांपुरता. मुंबईच्या कंपनीचा हीट पंप मात्र हळूहळू का होईना, पण रोज तापवत राहील आणि आठवडाभर पाणी कोमट ठेवील. एवढं त्याने कमिटीला समजावून सांगितलं. आठवडाभर कोमट पाणी कुणाला हवं होतं, ते सांगितलं नाही.

ते त्याच्या मुलीला, सत्यशीलेला हवं होतं. पोलिओने तिचा डावा पाय लहानपणीच बारीक झालेला. जमिनीवर ती कुबडी घेऊन चाले, पण छातीभर पाण्यात उतरली की कुबडी काठावर राही आणि पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत आपली आपण चालत जाई. कॉलनीतल्या मुलांना सकाळी तलाव मोकळा असायचा, म्हणून हे जमत होतं. उन्हाळाभर पाय मोकळा व्हायचा आणि हिवाळ्यात गुडघा पुन्हा आखडायचा. असाच आणखी एक हिवाळा गेला तर कापाकापी करावी लागेल, असं चंद्रपूरचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. 

कंपनीचं माहितीपत्रक घरी आलं तेव्हा सत्यशीलेने त्यातली चित्रं उलटीपालटी करून पाहिली होती.

"बाबा, याच्यात इस्तो कुठी पेटवतेत?"

"इस्तो लागतच नाई. साहेबाच्या घरचा फ्रिज पाह्यला नं तू? आतली गरमी काढून मांगं फेकते. हे तसंच. हवेतली गरमी घेते अन् पान्यात नेऊन टाकते."

"हिवाळ्याच्या हवेत कुठली आली गरमी?"

"असते. थोडी थोडी वेचा लागते. धान कापल्यावर आजी वावरातल्या बांधीत सरवा वेचते नं, पडलेल्या लोंब्या? तशी."

सावली गावची आजी आणि तिची टोपली आठवून पोरगी हसली. मग गंभीर झाली.

"पन मंग ज्याच्यापासून घेतली, त्याले थंडी वाजत असन."

"वाजत असन," श्रीहरी म्हणाला.

यंत्र आलं आणि त्याने त्याला डोळ्यात तेल घालून जपायला सुरुवात केली. घुग्घुसात सकाळी पुसलेली सायकल संध्याकाळी ओळखू येत नाही, इतकी सिमेंटची धूळ. कारखान्यात साध्या मोटारीलाही पत्र्याचं घर असतं. इथे तर लेकीच्या पायाचा प्रश्न. श्रीहरीने यंत्राभोवती विटांची पक्की खोली बांधून घेतली, लोखंडी दार बसवलं, फटीसुद्धा लिंपल्या. यंत्र मोकळ्यावर ठेवा, असं माहितीपत्रकात होतं. ते त्याने वाचलंही होतं. पण मुंबईच्या माणसाला घुग्घुसची धूळ काय माहीत, असं म्हणून सोडून दिलं. ते जाड कुलूप पाहून बायको रुखमा म्हणालीच, "पोरीलेबी इतकं नाई जपलं तुमी!"

आणि आता पाणी तापत नव्हतं. यंत्र थोडं चाले, थांबे, पुन्हा कण्हत सुरू होई.

देवघरेसाहेब मफलर सावरत तलावाशी आले. त्यांनी थर्मामीटर पाहिला आणि मग श्रीहरीचा चेहरा.

"रामटेके, शनिवारी मीटिंग आहे. तोवर पाणी तापलं नाही तर यंत्र परत पाठवावं लागेल. तुमच्या शब्दावर घेतलं होतं हो."

रागावले असते तर श्रीहरीला बरं वाटलं असतं. त्याने थर्मामीटर पुन्हा पाण्यात सोडला.

साहेब गेले तशी यंत्राच्या खोलीचं दार आतून करकरलं आणि लटारू चौकीदार घोंगडीसकट बाहेर आला. त्याचे दात वाजत होते.

"तू आत काय करून राह्यला होता?"

"रागावू नका जी. जवळ चाबी होती. म्हटलं, पानी तपवाची मशीन हाय, बाजूले बसलो तं आंग शेकन." त्याने घोंगडी घट्ट ओढली. "कायचं शेकते बाप्पा! हाडं गोठली माही. बाहेरच बरं हाय."

श्रीहरीला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. तो आत गेला. भिंती गार पडल्या होत्या. यंत्राच्या जाळीवर पांढरं बर्फ धरलं होतं. त्याने हात लावला आणि तसाच उभा राहिला. यंत्र आपणच सोडलेला थंड वारा पुन्हा आत ओढत होतं. आजीला टोपली देऊन त्याच त्या वेचून झालेल्या बांधीत रोज पाठवावं आणि वर विचारावं, लोंब्या कुठे आहेत, तसा हा प्रकार. आणि बाहेर एवढं मोकळं आभाळ पडलं होतं.

"लटारू, सब्बल आन."

"काऊन जी?"

"भिंत पाडतो."

"अन् धूळ?"

"धूळ मी धुईन. रोज."

पहिला घाव त्यानेच घातला. आपल्याच हाताने लिंपलेल्या फटी फोडताना त्याला जराही वाईट वाटलं नाही. दोन बाजूंच्या भिंती गेल्या, दार गेलं, वर छप्पर तेवढं राहिलं. जाळीवरचं बर्फ उतरलं. यंत्र न थांबता चालू लागलं आणि पारा पहिल्यांदाच रेघ सोडून वर सरकला. शनिवारी देवघरेसाहेबांनी बाही वर करून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मीटिंग पाण्यातच घ्यावी म्हणतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर वाफ तरंगत होती. रुखमाने कुबडी काठावर ठेवली आणि सत्यशीला कठडा धरून पाण्यात उतरली. आधी अंग चोरून, मग खांद्यापर्यंत. आखडलेल्या गुडघ्याने तिने एक पाऊल टाकलं, ओठ दाबून दुसरं टाकलं. मग पुन्हा कठडा धरून उभी राहिली.

श्रीहरी नळीने यंत्राची जाळी धुऊन नुकताच वळला होता. हात ओले, स्वेटरची बाही ओली. यंत्र भरारा वारा सोडत होतं आणि तो नेमका त्या वाऱ्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने तळहात वाऱ्यात धरला. वारा चांगलाच गार होता; त्यातली गरमी पाण्यात गेली होती. काल होता त्याहून गार. त्याचे डोळे भरून आले, आणि वाऱ्याने आले असंही म्हणता आलं असतं.

"बाबा, तिथी काऊन उभे? इकडं उन्हात या नं."

"राहू दे. इथीच बरं हाय."

"थंडी वाजते का?"

"वाजते नं," तो म्हणाला. "मस्त वाजते."

सत्यशीला त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने कठड्यावरचा हात सोडला आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागली.