मोटेचं रोगण

धुरपताबाईच्या पाठीवर सात वेण्या लोंबत होत्या आणि सातींना सात तऱ्हेची दुर्गंधी सुटली होती.

झरी गावाच्या आसपास असे केस दुसऱ्या कुणाचे नव्हते. एकदा आडाचा दोर तुटला तेव्हा अख्ख्या गल्लीनं तिच्या वेणीनं घागरी शेंदल्या, असं सांगणारे लोक आहेत. त्यांना खोटं बोलून काय मिळणार?

हे सगळं झालं ते निजामाच्या मोगलाईत, एका माघ महिन्यात. तिचे मालक बन्सीधर गावात तेलाचा घाणा चालवायचे. ते कोर्टाच्या कामाला परभणीला गेले आणि तिथल्या एका कारकुनाच्या घरी हैदराबादेहून आलेली बाटली हुंगून आले. शांपूची.

"मळबी काढतंय आन केस रेशमावानी मऊबी करतंय," ते ओसरीवर बसून सांगू लागले. "त्यात म्हनं झाडाचं तेल असतंय. कोन्त्या झाडाचं, त्ये कारकुनाला ठाव न्हाई. आता तेलाचं मला कुनी शिकवावं?"

"मंग करा की. मला कामून सांगायलाव?"

"परीक्षा घ्याया केस लागत्यात ना! आठ दिसानं तुज्या भाच्याचं लगीन. समद्या बाया नवरी सोडून तुज्या केसाकडं बघत बसतील, बग."

इथंच ती फसली. राणीसावरगावला तिच्या माहेरी रीत अशी, की हळदीच्या न्हाणाला नवरदेवाच्या मागं आत्याला बसवायचं आणि दोघांच्या डोक्यावर चारचौघींनी पाणी घालायचं. केस मोकळे, सगळ्या भावकीसमोर.

बन्सीधरांनी रिठा-शिकेकाई उकळली, सात गाडग्यांत वाटली आणि प्रत्येकात वेगळं तेल घुसळलं: तीळ, जवस, एरंडी, करंज, निंबोळी, मोह, करडई. एकेका वेणीला एकेक गाडगं. दोन दिवस पाणी लावायचं नाही, ही अट.

ते दोन दिवस धुरपताबाईनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. जवसाच्या वेणीला सडक्या मासळीचा वास सुटला. गावातली अकरा मांजरं तिच्यामागं रांगेनं फिरू लागली. मोहाचं तेल थंडीनं गोठून केसावर चरबीसारखं पांढरं बसलं. एरंडीच्या वेणीला माश्या चिकटून मेल्या, मनुका टोचल्यागत. करंजाची वेणी म्हशीनं हुंगली आणि दोन वेळा दूध दिलं नाही. निंबोळीचं तर विचारू नका. भाकरी थापायला वाकली की ती वेणी पुढं यायची आणि ती भाकरी तशीच टाकून अंगणात पळायची. आणि मालक रोज सकाळी येऊन एकेक वेणी चिमटीत धरायचे, नाकाशी न्यायचे, "वा!" म्हणायचे. तिला मालकांचीच किळस येऊ लागली.

"तिळाची मऊ लागायलीय. झालं की," ती म्हणाली.

"तीळ समदं जग लावतंय. त्यात माजं काय?" बन्सीधरांनी मिशीला पीळ भरला. मग त्यांची नजर अंगणात पडलेल्या, विहिरीचं पाणी ओढायच्या मोटेवर गेली. "अगं, मोटंचं कातडं लाकडागत झालं की आपुन काय लावतो? करडईचं कढीव रोगन! कातडं भाकरीवानी मऊ पडतंय. मंग केस कामून पडनार न्हाईत?"

तिनं नको म्हणेपर्यंत त्यांनी साती वेण्या सोडल्या आणि रोगणाचं अख्खं गाडगं डोक्यावर रिकामं केलं. काळं, चिकट, जळक्या खरकट्याच्या वासाचं. वर तिला उन्हात बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हायला बसली. शेजारची कडूबाई पाणी घालायला आली होती. एक तांब्या ओतला. पाणी टपटप मोत्यांसारखं घरंगळून गेलं. घागर ओतली. अंगण भिजलं, कडूबाईचं लुगडं भिजलं, केस कोरडे ठणठणीत. शिकेकाईचा फेससुद्धा घसरून मोरीत गेला.

"अगं माय!" कडूबाई म्हणाली. "पाऊस आला तर तुज्याखाली गाव उभा ऱ्हाईल!"

मोटेला रोगण कशासाठी देतात? पाणी आत मुरू नये म्हणून. हे बारक्या लेकरालाही ठाऊक. बन्सीधर तेवढंच विसरले होते.

लग्नाला पाच दिवस उरले. राख झाली, माती झाली, ताक झालं. केस तसेच चामट. शेवटी बन्सीधर कात्री घेऊन आले. "कापावं लागतील. पुन्यांदा येत्यात."

"बोडकी जाऊ व्हय हळदीला? तुमी जित्ते असताना? इचारतील, कवा गेले म्हनून!"

कात्री त्यांच्या हातातून गळाली.

ती चुलीपाशी जाऊन बसली. समोर पापडखाराची बरणी होती. बिब्बा हाताला उतला की तिळाचं तेल चोळतात आणि खारानं चिकटा सुटतो, हे तिला आठवलं. तिनं कोमट तिळाच्या तेलात चिमूटभर खार घोळला आणि कडूबाईपुढं डोकं दिलं. तीन दिवस चोळणं चाललं. जो काळा बुळबुळीत लगदा निघाला, तो पाहून कडूबाई तीन दिवस जेवली नाही. गटारातला गाळही त्याला शिवला नसता. त्यात माश्या निघाल्या, एक पंख निघाला, मांजराचे केस निघाले. चौथ्या दिवशी पाणी मुरलं आणि केस असे मऊ सुटले, की कंगवा वर लावला तो थेट खाली जमिनीवर पडला.

बन्सीधर धावत आले. "काय घातलंस? परमान सांग!"

"सांगते. आदी मालकाच्या मिशीला रोगन लावून बघायचं. परीक्षा नगं?"

हव्यासापायी माणूस गडबडीनं हो म्हणतो.

हळदीच्या दिवशी राणीसावरगावात तिच्या डोक्यावर पहिला तांब्या पडला. गार पाणी केसांतून थेट टाळूपर्यंत उतरलं तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला आणि जीव भांड्यात पडला. बाया केस हातात घेऊन बघत होत्या. समोर मांडवात बन्सीधर कढी पीत होते. मिशा बैल टोचायच्या दोन आरांसारख्या ताठ, डावीकडं दोन माश्या, उजवीकडं एक, आणि कढीचे थेंब घरंगळून सदऱ्यावर.

प्रमाण तिनं घरी गेल्यावर सांगितलं. महिन्यानं.